पाटीलसाहेब चार्ज देऊन गेले

मंदावहिनी, पाटीलसाहेबांचे नातलग, कारखान्यातले जुने सोबती. साहेबांच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उभा राहिलोय. मी इकबाल, रेवदंड्याचा. कारखान्यात साहेबांची शिफ्ट संपली की माझी सुरू व्हायची.

रडायचं ते रडून झालंय. आज मला समाधान वाटतंय. होय, समाधान. कुणाला खटकलं तर माफ करा.

तुम्हाला ठाऊक आहे, साहेब रिटायर झाले, पण नोकरीधंद्याच्या त्या साईटवरचं त्यांचं खातं काही रिटायर झालं नाही. चहाच्या आधी मेसेज. कुणाला नोकरी हवी, कुणाला शिफारस, कुणासाठी कुवेतमधल्या ओळखीच्या माणसाला दोन शब्द. साहेब प्रत्येकाला उत्तर देणार. ताटातलं जेवण निवायचं. नातू पुढ्यात उभा राहून कंटाळून निघून जायचा. त्यात छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला ताप नको. मुलगा म्हणाला, बाबा, खातं बंद करा. साहेब म्हणायचे, बघू. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा मोठेपणा सुटत नाही. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "इकबालभाऊ, माणूस घरी हाय, पण घरात न्हाय."

मोठेपणा? पाटीलसाहेबांना? अहो, मी ओळखतो ना त्यांना. आमच्या कामाचा नियम होता. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. एकदा रस्ता पाण्याखाली गेला, मी पोचलोच नाही. साहेब दुसऱ्या दिवसापर्यंत बसून होते. मी आलो तेव्हा रागावले नाहीत. कुठला पंप चालू, कुठला बंद, ते आधी सांगितलं, मग घरी गेले. असा माणूस खातं अर्ध्यात टाकून उठेल? त्यांना सोडवायला कुणी आलंच नव्हतं.

मग मीच गेलो. कारखान्यातलं जुनं हेल्मेट घालून गेलो. वहिनींना हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. उठून उभे राहिले.

मी म्हणालो, "साहेब, चार्ज द्या."

आणि दिला त्यांनी. मुरूडच्या पोराची मुलाखत व्हायची आहे, चौलच्या मुलीला शिफारसपत्र हवंय, अमक्याला उगाच आशा लावू नकोस. मी सगळं ऐकून घेतलं. म्हणालो, "घेतला चार्ज. आता तुम्ही सुटलात." तेव्हा खातं त्यांनी स्वतःच्या बोटाने बंद केलं. त्या दुपारी झोपले ते दिवेलागणीलाच उठले.

पुढचे महिने घरच्यांचे. रोज बंदरावर जायचं, मासळी महाग आणायची, वहिनींची बोलणी खायची. नातवाशी पत्ते खेळताना लबाडी करायचे, आणि पकडले गेले की खूश व्हायचे. गेले तेही जेवण झाल्यावर, झोपाळ्यावर, वहिनींशी बोलता बोलता. अल्लाचे लाख आभार, की त्या वेळी त्यांचं लक्ष दुसरीकडे कुठे नव्हतं.

आता एकच विनंती. ज्यांचं काम साहेबांपाशी अडलं असेल त्यांनी वहिनींना विचारू नका, मुलालाही नको. सभा संपली की मी बाहेर आंब्याखाली थांबतो. माझ्याकडे या. साहेबांसारखं इंग्रजी मला येत नाही, पण उत्तर प्रत्येकाला मिळेल.

चला, सगळे उभे राहू या. कुणी काही मागू नका, कुणी काही विचारू नका. साहेबांना थोडा वेळ निवांत राहू द्या.