अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल

मुलगी : मला उठवलं का नाहीस?

आई : उठवण्यासारखं काही नव्हतंच. अठ्ठ्याण्णव होतं.

मुलगी : अठ्ठ्याण्णव होतं, आणि तू नुसती बसून राहिलीस?

आई : अठ्ठ्याण्णवला कोण कुणाला उठवतं? तेहेतीस वर्षं वॉर्डात काढली मी. अठ्ठ्याण्णव दिसलं की नॉर्मल लिहायचं आणि पुढच्या कॉटकडे जायचं.

मुलगी : आई, हा पेशंट नाहीये, कॉम्प्युटर आहे. आणि हे सेल्सिअस आहे. शंभराला पाणी उकळतं ना, त्यातलं अठ्ठ्याण्णव.

आई : मग हे आधी नाही का सांगायचं? तू म्हणालीस, तासभर पडते, आकड्यावर लक्ष ठेव, काही वाटलं तर उठव. मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. दहा दिवसांपूर्वी बिचारा सत्तरीत होता. म्हटलं, सुधारतोय.

मुलगी : सुधारतोय. देवा.

आई : स्क्रीन काळी झाली तशी लगेच हाक मारली की नाही?

मुलगी : तेव्हा उठून मी काय करणार होते, कपाळ बडवणार? सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडला. शाळेच्या इमारतीची ती फिल्म पाच वाजता पाठवायची आहे. साडेपाचला त्यांची कमिटी बसणार. त्यातली अजून चारशेवीस चित्रं या कॉम्प्युटरने काढायची आहेत आणि आत्ताच साडेअकरा वाजले.

आई : झालेली तरी आहेत ना शाबूत?

मुलगी : आहेत. एकेक चित्र होतं तसं साठवलं जातं. पण तापला की हा स्वतःच काम हळू करतो, जीव वाचवायला. अर्ध्या मिनिटाचं चित्र मग मिनिटाला होतं. चारशेवीस मिनिटं म्हणजे सात तास. संपलंच सगळं. सरक, मामाला फोन लावते.

आई : मी लावते. तू इकडून तिकडे येरझारा घालू नकोस, मला गरगरतं.

मामा : बोल ताई. भाचीचा ठोकळा पुन्हा रुसला ना?

मुलगी : मामा, स्पीकरवर आहेस. तू जोडून दिलेलाच ठोकळा आहे हा, जपून बोल.

मामा : म्हणून तर एवढं बोलू शकतो. काय होतंय?

मुलगी : गेल्या आठवड्यापासून तापतोय. आधी मला वाटलं धूळ आहे. जाळ्या ब्रशने साफ केल्या, भिंतीपासून हातभर पुढे ओढला, टेबलाखालून बाहेर काढला. आता बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन लावलाय. तरी अठ्ठ्याण्णव.

मामा : आतला पंखा फिरतोय?

मुलगी : जोरात. कान किटले.

मामा : बरं, मला सांग, चढतो कसा? हळूहळू की एकदम?

मुलगी : आता ते कुठे बघत बसले मी? मला फक्त शेवटचा आकडा दिसतो.

आई : एकदम चढतो. काम सुरू झालं की एका मिनिटात बेचाळीसचे नव्वद. बंद केलं की तितक्याच झपाट्याने उतरतो.

मामा : ताई, तुला काय माहीत?

आई : मी लिहिलंय. तक्ता केलाय.

मुलगी : कसला तक्ता?

आई : हे काम सुरू झालं त्या दिवसापासूनचा. दर दहा मिनिटांनी तू त्या आकड्याकडे बघायचीस. मला वाटलं, ज्याची एवढी काळजी आहे त्याची नोंद तरी असावी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. काम चालू असताना आणि नसताना वेगळं.

मामा : ताई, माझ्या दुकानात ये नोकरीला. ऐक गं भाची, एकदम चढणं म्हणजे धूळ नव्हे. हवा कोंडली असती तर अर्धा-पाऊण तास घेत चढला असता. याच्या प्रोसेसरची उष्णता वर पंख्यापर्यंत पोचतच नाहीये. मधे फट पडली आहे. वाच बरं तो तक्ता, कुठल्या दिवशी उडी मारली?

मुलगी : दे इकडे. गुरुवार, काम चालू, एकाहत्तर. शुक्रवार बहात्तर. शनिवार सत्तर. सोमवार एक्याण्णव.

मामा : आणि रविवार?

आई : रविवारी सुट्टी होती तिला.

मुलगी : नाही, रविवारची नोंद आहे.

आई : ती वाचायची गरज नाही.

मुलगी : 'सकाळी दहा. फरशी पुसताना पेटी उचलून आडवी ठेवली. उभी करताना टेबलाच्या पायावर आपटली. आतून टक असा आवाज. चालू करून पाहिले, चालू झाली. सांगितले नाही.'

मामा : हं.

मुलगी : आई.

आई : काय आई? लिहिलंय ना खरं. वॉर्डात स्वतःची चूक लपवली नाही कधी, इथे कशाला लपवू.

मुलगी : वहीत नाही लपवलीस, माझ्यापासून लपवलीस. आठ दिवस मी वेड्यासारखी जाळ्या घासत होते. तू शेजारी बसून बघत होतीस.

आई : मला वाटलं चालू झाला म्हणजे झालं. आकडा वाढतोय म्हणजे बरा होतोय, एवढीच माझी अक्कल.

मुलगी : पण सांगायला काय झालं होतं?

आई : शनिवारीच तू ओरडली होतीस, माझ्या टेबलाला हात लावू नकोस म्हणून. आणि जुन्या ऑफिसने परत बोलावल्याचं ते पत्र तू तिथेच कीबोर्डखाली ठेवलंयस. आज रात्रीपर्यंत हो की नाही कळवायचंय. मी म्हटलं, हिला कळलं तर म्हणेल, आईच्या घरात धड कामसुद्धा करता येत नाही. आणि जाशील पुन्हा तिकडे. मला तू हवी आहेस इथे. हे काही तक्त्यात लिहायची गोष्ट नाही, म्हणून लिहिलं नाही.

मामा : मी फोन ठेवू का जरा?

आई, मुलगी : ठेवू नकोस.

मामा : बरं. मग कामाचं बोलतो. मला तिथे यायला दोन तास लागतील, तेवढा वेळ नाही. तुम्हीच करा. वायर भिंतीतून काढा. पेटी सावकाश आडवी करा. सावकाश म्हटलं ताई.

आई : ऐकलं.

मामा : मधल्या पंख्याला चार पाय आहेत. बघ, एक वर आलेला असेल.

मुलगी : आहे. खालचा उजवा. नुसता लटकतोय.

मामा : सापडला चोर. आता पंख्याची वायर सोडव आणि चारही पाय फिरवून पंखा अलगद वर घे. खाली उष्णता वर नेणारा राखाडी लेप असेल, वाळून पापुद्रे झालेले. तो स्पिरिटने पुसायचा.

मुलगी : स्पिरिट कुठून आणू आता?

आई : हे घे. आणि कापूस. एका दिशेने पुसायचं, रगडायचं नाही.

मामा : मशीनबरोबर मी एक छोटी सिरिंज दिली होती, सुई नसलेली. त्यात नवा लेप आहे. वाटाण्यापेक्षा लहान थेंब, बरोबर मधोमध. जास्त झाला तर बाहेर सांडेल, कमी झाला तर पुन्हा फट.

मुलगी : खणात आहे. मामा, एवढा नेमका थेंब मला जमायचा नाही. चार दिवसांत मी नीट झोपलेले नाही.

आई : आण ती सिरिंज इकडे.

मुलगी : तू?

आई : मूठभर बाळाच्या शिरेत सुई घातली आहे या हातांनी. हे तर आरामात पडलंय, रडतसुद्धा नाही. टॉर्च धर. डोळ्यांवर नको माझ्या, खाली.

(आई सिरिंजचा दट्ट्या अलगद दाबते.)

मुलगी : बरोबर मधे पडला.

आई : पडणारच.

मामा : आता पंखा सरळ वरून ठेव. पाय दाबताना समोरासमोरचे, कर्णात. आधी एक, मग त्याच्या तिरक्या समोरचा.

मुलगी : टक. टक. टक. हा चौथा बसत नाहीये.

आई : सरक. अंगठा असा उभा ठेव. टक.

मामा : वायर जोडली पंख्याची? मग लावा बटण आणि द्या काम.

मुलगी : सुरू झाला. अडतीस. फिल्म लावते. पंचावन्न. त्रेसष्ट. मामा, वाढतोय.

मामा : वाढू दे, काम करतोय तो. कुठे थांबतो ते बघ.

मुलगी : अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर. अजून एकाहत्तरच.

मामा : झालं तर मग. माझ्याकडे दोघं ताटकळत उभे आहेत. ताई, पुढच्या वेळी फरशी पुसताना पेटीला वळसा घाल.

आई : ठेव फोन.

मुलगी : बारा वीस. साडेतीन तास धरले तर चारला दहा कमी असताना होईल. जोडून पाठवायला तासभर हातात आहे.

आई : मग जमेल.

मुलगी : जमेल. आई, त्या पत्राला मी परवाच 'नाही' म्हणून कळवलंय.

आई : परवा? आणि सांगितलं नाहीस?

मुलगी : हे काम हातात राहतंय की जातंय ते कळेपर्यंत सांगायचं नव्हतं. गेलं असतं तर दोन्हीकडून हात हलवत बसले असते, आणि तुझ्या जिवाला घोर.

आई : मी इकडे आठ दिवस धास्तीने अर्धी झाले.

मुलगी : तूही लपवलंस, मीही. रविवारचं ते 'सांगितले नाही' खोडून टाक आता.

आई : नोंद खोडायची नसते. खाली नवी लिहायची. बारा वीस, एकाहत्तर, स्थिर. तुझे डोळे मिटताहेत, जा पड.

मुलगी : आणि इथे कोण बसणार?

आई : ते तूच ठरव. मला पुन्हा बसवायचं की नाही.

मुलगी : पंच्याऐंशी झालं तर उठव.

आई : थांब, आधी लिहून घेते. पंच्याऐंशी, सेल्सिअस.