आंबा संपला की येतो

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पुढे जागा आहे. माफ करा हं, उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली. गर्दी दिसली की तोंडातून तेच निघतं.

मला भाषण येत नाही. शमीमभाभींनी सांगितलं, विश्रामभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, मला नका सांगू. त्या म्हणाल्या, तुम्हीच बोला. आणि मग त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यांच्या नवऱ्यालाही, आपल्या मुनीरलाही, कधी आलं नाही.

आपला मुनीर गेला त्याला आज बारावा दिवस. सकाळी बागेत आंब्याच्या पेट्या भरायला बसला होता, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आधी बोलले त्यांनी सांगितलं की तो मोठा कलावंत होता, रत्नागिरीचं भूषण होता. खरं आहे. पण मंडळी, रागावू नका, हे भूषण जिवंत असताना आपण त्याला काय म्हणत होतो? येडा मुनीर म्हणत होतो. मी म्हणत होतो. म्हणून आज खरं बोलणार आहे.

आम्ही शाळेत एका बाकावर. मी कुणब्याचा, आमच्या वाडीत नमनाचं मंडळ, मृदंग माझ्या बापाचा, तो माझ्या गळ्यात आला. मुनीरचे अब्बा कुवेतला. ते सुट्टीवर आले की खजुराच्या डब्याखाली कॅसेटी असायच्या. इंग्लिश गाण्यांच्या. पण कसल्या गाण्यांच्या! एका बाजूला एकच गाणं. वीस-वीस मिनिटं. मधे सात-आठ मिनिटं कुणी गातच नाही, नुसती वाद्यं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, मुनीर, तुझी टेप अडकली. तो म्हणाला, "अडकली नाय रे. ते लोक कुठेतरी चाललेत. जरा थांब, पोचतील."

त्या गाण्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे त्याला पुढे कधीतरी एका मासिकातून कळलं. मला आजही नीट कळलेलं नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, तुमचं नमन रात्रभर चालतं, त्यात देव येतात, सोंगं येतात, ताल बदलतात, तेव्हा कुणी विचारतं काय हे कसलं गाणं? तेच हे. फक्त वायर जोडलेली.

गिटार त्याने स्वतःच शिकली. अब्बांनी कुवेतहून कीबोर्ड आणला, तो शिकला. बासरी शिकला. मोहल्ल्यातल्या लग्नांत डफ वाजवायचा, तोही त्या गाण्यांत घातला. बंदरावर होडीचं इंजिन सुरू होताना जे ठोके देतं ना, ते टेप करून आणायचा आणि त्यावर गिटार लावायचा. एकदा माझ्या गाडीत बसून संगमेश्वरपर्यंत आला, नुसता माझ्या घंटीची दोरी टेप करायला. मी म्हटलं, मेल्या, तिकीट काढ. त्याने काढलं. घंटी त्याच्या गाण्यात आहे. तिसऱ्या मिनिटाला आहे. मी दोन घंट्या देतो आणि गाणं पुढे निघतं.

त्याचा स्टुडिओ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? थोड्यांनीच. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घरामागची आंब्याची खोली. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मोहल्ल्यातल्या बायकांनी दिलेल्या जुन्या गोधड्या. गोधड्यांच्या मागे पेंढा. माइक टांगलेला आंबे काढायच्या झेल्याच्या काठीला. कॉम्प्युटर, वायरी, ड्रम, तीन गिटार, सगळं त्या एका खोलीत. आणि एप्रिल लागला की सगळं बाहेर! खोलीत आंब्याची अढी लागायची. गिटारी भाभींच्या कपाटावर, ड्रम पडवीत, त्यावर वाळत घातलेले टॉवेल. मुनीर म्हणायचा, माझा स्टुडिओ आंब्याचा भाडेकरू हाय. जूनमध्ये सामान परत आत जायचं, आणि पुढचे दोन महिने त्याच्या सगळ्या गाण्यांना हापूसचा वास.

आता जे सांगायचंय ते सांगतो. पाणी द्या जरा.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुनीरने एक लांब गाणं रचलं. त्याला नाव नव्हतं, आम्ही लांब गाणंच म्हणायचो. ते सातात होतं. म्हणजे सात मात्रांचं. त्याने मला बोलावलं, म्हणाला, विश्राम, ह्यात मृदंग पाहिजे. मला सात जमेना. मी मृदंगाला हात लावला की चार व्हायचे. तो समजवायचा, "चार झाले की वाटतं घरी पोचलो. पण अजून तीन हायत. त्या तीनात खरी मजा हाय." महिनाभर त्या खोलीत बसून त्याने माझ्याकडून सात बसवून घेतले. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी बसले. आम्ही दोघंही त्या दिवशी वेड्यासारखे हसलो.

मग एका मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ते वाजवायची संधी मिळाली. मुनीर गिटारवर, कीबोर्डवर एक मास्तर होते, मृदंगावर मी. पटांगण भरलेलं. गाणं सुरू झालं. पाच मिनिटं लोक गप्प. सहाव्या मिनिटाला कुजबुज. मग शिट्ट्या. मग कुणीतरी ओरडलं, अरे नाचायचं काहीतरी लावा!

आणि मंडळी, मी घाबरलो. माझ्या वाडीची माणसं समोर होती. माझा बाप समोर होता. शिट्टी मुनीरला पडत होती, पण मला वाटलं माझ्या मृदंगाला पडतेय. मी काय केलं? सातातले तीन गाळले. चार धरले. आमचा नाचाचा ठेका, सरळ, खणखणीत. पटांगण उठलं! माणसं नाचायला लागली. माझा बाप टाळ्या वाजवत होता. मी मुनीरकडे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा त्याने गिटारची वायर काढली होती आणि तो शांतपणे ती गुंडाळत होता. हाताला नि कोपराला, जशी आपण दोरी गुंडाळतो तशी.

खाली उतरल्यावर तो मला काय म्हणाला असेल? शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "छान वाजवलंस रे. लोक खूश झाले." आणि माझा मृदंग त्याने स्वतः उचलून रिक्षात ठेवला.

त्यानंतर त्याने कुणालाच बोलावलं नाही. ड्रम घेतले, स्वतः शिकला. बास स्वतः वाजवला. एकेक वाद्य वेगळं वाजवायचं, कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचं, अख्खा बँड एकट्याचा. आपण सगळे म्हणायला लागलो, मुनीरला शिष्टपणा आलाय, कुणाला जवळ करत नाही. मीही म्हणालो. स्टँडवरच्या टपरीवर, चहा पिता पिता म्हणालो. ज्याने त्याला एकटं केलं तोच म्हणत होता.

माफी मागितली का? नाही. नेहमी भेटायचो, ईदला त्याच्याकडे जेवायचो, गणपतीला तो माझ्याकडे यायचा, उकडीचे मोदक मोजून खायचा. तो कार्यक्रम सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो.

सहा वर्षांपूर्वी तो एकदा स्टँडवर आला. म्हणाला, "विश्राम, लांब गाणं परत करतोय. सगळं माझं मी वाजवलंय. एक जागा रिकामी ठेवलीय. एक दिवस येऊन वाजवून जा."

एप्रिल महिना होता. मी म्हटलं, आता खोलीत आंबे असतील ना. आंबा संपला की येतो.

आंबा संपला. पावसाळा आला. मी म्हटलं, पावसात चामडं सादळतं रे, मृदंग बोलत नाही, नि तुझ्या पत्र्यावर पाऊसच जास्त वाजेल. त्याला ते पटलं. पुढे म्हटलं, नमनाचे कार्यक्रम सुरू झाले, शिमगा होऊन जाऊ दे. शिमगा झाला की परत आंबा. मग परत, आंबा संपला की येतो. दिवाळीनंतरचा महिना मोकळा असतो. पाऊस नाही, आंबा नाही, नमन नाही. तो मोकळा असतो हे मला माहीत होतं. मुनीरलाही माहीत होतं. त्याने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. अशी सहा वर्षं, मंडळी. त्यातली शेवटची दोन तर मी रिटायर होऊन घरी बसलेलो.

का गेलो नाही? आज सांगतो, हे मी घरातही सांगितलेलं नाही. मी सात शिकत होतो. त्याने बोलावलं त्या दिवसापासून. गाडीच्या दांड्यावर बोटांनी सात वाजवायचो. तिकिटाच्या यंत्रावर वाजवायचो. जेवणाच्या ताटावर वाजवायचो, बायको ओरडायची. मला वाटायचं, या वेळी गेलो तर एक मात्रा चुकता कामा नये. पूर्ण सात घेऊन त्याच्यासमोर बसायचं. तीच माझी माफी. आणि दर वेळी वाटायचं, अजून पक्के नाहीत. अजून थोडे दिवस. आंबा संपला की.

शेवटची भेट या महिन्याच्या सुरुवातीची. माझ्या घरी आंब्याची पेटी घेऊन आला. चहा घेतला. जाताना चपला घालत म्हणाला, "यंदा आंबा कमी हाय रे. लवकर संपेल." एवढंच. मी म्हटलं, बघू.

बघू! काय शब्द आहे.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची लेक सना, ही बसलीय पुढे, मला म्हणाली, विश्रामकाका, जरा घरात या. ती मला तिच्या खोलीत घेऊन गेली, कॉम्प्युटर तिने तिकडे आणून ठेवला होता. पडद्यावर ओळी. प्रत्येक वाद्याची एक. गिटार, बास, ड्रम, बासरी, डफ, होडी, घंटी. आणि सगळ्यात खाली एक ओळ, तिच्यावर लिहिलेलं, विश्राम. मृदंग नाही लिहिलेलं. विश्राम. कोरी.

सना म्हणाली, मी अब्बांना किती वेळा सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये मृदंग मिळतो, घालून टाका. तर म्हणाले, मिळतो, पण तो विश्राम नाय.

मग तिने गाणं लावलं. ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली. आणि मुनीरचा आवाज. मला इशारा द्यायला त्याने स्वतःच्या आवाजात मात्रा मोजून ठेवल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. मी पाचाची वाट बघत होतो. माझी बोटं मांडीवर तयार होती. पाच आला नाही. तो म्हणाला, "ये रे."

मला कळेना. मी सनाला म्हटलं, हे गाणं सातात आहे, पोरी, पुढचे तीन कुठे गेले? ती म्हणाली, अख्खं गाणं सातातच आहे काका. तेवढी जागा अब्बांनी चारात केली. म्हणाले, विश्रामला चार आवडतात. लोक नाचले होते त्याच्या चारावर.

मंडळी, सहा वर्षं मी त्याच्यासाठी सात शिकत होतो. आणि त्याने माझ्यासाठी स्वतःचं गाणं मोडून चार करून ठेवले होते. आमच्या घरांमध्ये एका रिक्षाचं अंतर. नुसता त्या खोलीत जाऊन बसलो असतो तरी पुरलं असतं. चुकलो असतो तरी पुरलं असतं. न वाजवता चहा पिऊन आलो असतो तरी पुरलं असतं.

तुमच्यापैकी कुणाची कुठे अशी जागा रिकामी असेल तर मी काय सांगणार? मी कंडक्टर आहे. मला एवढंच माहीत आहे की गाडी सुटली की सुटली.

आता आपण उभे राहूया. अशा सभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. मी भाभींना विचारून घेतलंय, आज आपण मुनीरच्या मापाने उभे राहू. सना ती जागा लावेल. आधी त्याचा आवाज येईल, मग काही येणार नाही. जेवढा वेळ त्याने माझ्यासाठी मोकळा ठेवला, तेवढा वेळ. दोन मिनिटांना थोडा कमी भरतो, सांभाळून घ्या. शेवटी बासरी सुरू झाली की बसा.

भाभी काल म्हणाल्या, शेवटच्या पेट्या गेल्या, खोली झाडून घेतली. सामान उद्या आत लावतील. मृदंग मी आज घेऊन आलोय, तो बाहेर रिक्षात आहे. इथे वाजवणार नाही. उद्या सकाळी तिकडे जाईन.

मुनीर, आंबा संपला रे. मी आलोय.

सना, लाव.