मारियामातेच्या टबाचा रंग

...आणि वर मलाच विचारतो, "आयरीन, तू खिडकीतून बघत होतीस?" बघत होतीस म्हणजे? भांडी घासायची जागा माझ्या वडिलांनी खिडकीखाली केली, खिडकी उघडते ती डेल्बर्टच्या गॅरेजसमोर, त्यात माझा काय दोष? डोळे मिटून भांडी घासू? तुम्हाला सांगते, मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण साठीचा माणूस भरदुपारी गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत घुसतो, नुसते बूट तेवढे बाहेर, आणि आतून बायकोला हाका मारतो, "मॅव्हिस! अगं मॅव्हिस, सापडला!", तर हातातली बशी टाकून माणूस धावणार की नाही? मॅव्हिसच्या आधी मी पोचले. ती बिचारी सावकाश चालते.

काय सापडलं म्हणाल? रंग! नखाएवढा. जॅक अडकवायच्या पट्टीखाली.

हा डेल्बर्ट म्हणजे आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. कारखान्यात तीस वर्षं दारं बसवली त्याने. फक्त डावीकडची. उजवीकडच्याबद्दल विचारलं तर म्हणतो, "त्या लोकांचं मला विचारू नकोस." आमच्या गावात असंच आहे. तू काय करतोस असं कुणी विचारत नाही, कुठल्या खात्यात होतास एवढंच विचारतात. आता कारखाना पाडला, तिथे गवत आहे आणि रानहंस आहेत, पण खाती अजून तशीच, भांडणंसुद्धा.

तर ह्याने गाडी आणली. आमच्याच कारखान्यातली, सत्तर सालची, दोन दारांची, लांब नाकाची. सुरू केली की माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. आणली तेव्हा तपकिरी होती. तपकिरीच्या खाली मोहरीसारखा पिवळा, आणि पिवळ्याच्या खाली... हा. कसा सांगू? जांभळा म्हणावा तर नाही, गुलाबी म्हणावा तर डेल्बर्ट रडेल. आई बीटाचं सार करते ना, त्यात आंबट साय घालून ढवळताना मध्येच, पूर्ण मिसळायच्या आत, एक क्षण जो रंग येतो, अगदी तो! आणि वर उन्हात धरला की आतून चमचम.

आता तुम्ही म्हणाल, सापडला ना, मग द्या गाडीला आणि मोकळे व्हा. अहो, तसं नसतं! ऑगस्टात गाड्यांची जत्रा भरते, त्यात 'कारखान्यातून निघाली तशीच' असा एक वेगळा वर्ग असतो, आणि त्या वर्गात बसायचं तर रंग कारखान्याचाच होता हे सिद्ध करावं लागतं. इंजिनाजवळ एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गाडीची सगळी कुंडली ठोकलेली. ह्याच्या पट्टीवर रंगाच्या रकान्यात तीन नऊ. म्हणजे तक्त्यातला रंग नाही, गिऱ्हाइकाने खास मागवलेला. कुठला? ते पट्टी सांगत नाही! खाली नुसता मागणीचा आकडा. पण डेल्बर्टचा जीव त्यात अडकला. म्हणाला, "आयरीन, ह्या गाडीचं डावं दार मी बसवलेलं असू शकतं. ती जशी माझ्या हातून गेली तशीच मला परत हवी आहे." 

मग सुरू झालं संशोधन. रंगांच्या पट्ट्यांचा एक पंखा घेऊन हा माणूस उन्हात उभा, सावलीत उभा, ढग आला की ओरडतो, "थांब, थांब!" ढगाला! रंगखात्यातले जुने लोक शोधले, तर निम्मे फ्लोरिडात आणि निम्मे स्मशानात. फ्लोरिडातल्या एकाला फोन केला, तो बहिरा. हा फोनवर ओरडतोय, "बीटासारखा! बीटासारखा!" आणि पलीकडचा म्हणतोय, "नको, मला गॅस होतो."

जानेवारीत मागची सीट काढली. गाडीच्या मागणीचा कागद कामगार सीटखालच्या स्प्रिंगांत कोंबायचे म्हणे. आणि निघाला हो कागद! मॅव्हिसने कॉफी आणली, मी हातात केक घेऊनच गेले होते, डेल्बर्टने चष्मा चढवला, वाचतोय, "चार दारं... टपावर सामानाचा कठडा..."

मी म्हटलं, "डेल्बर्ट, तुझ्या गाडीला दोन दारं आहेत."

"दिसतंय मला, आयरीन."

"आणि कठडा..."

"दिसतंय म्हटलं ना!"

दुसऱ्याच गाडीचा कागद! डोकं धरून खाली बसला. "सीटखात्यातले लोक," म्हणाला. "पहिल्यापासून गाढव."

आणि आता ऐका, खरी गोची माझी. तो नखाएवढा रंग बघितल्या क्षणी मी ओळखला होता. मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमच्या अंगणात जुना बाथटब आहे, अर्धा जमिनीत उभा पुरलेला, आत मारियामातेची मूर्ती. आमच्या गल्लीत अशा पाच आहेत, आमची कोपऱ्यावरची. आज टब आतून निळा आहे. पण सत्तर सालच्या ईस्टरला तो निळा नव्हता हो! बीटाच्या साराचा होता. माझे वडील, कॅझ नोवित्स्की, रंगखात्यात, एकवीस वर्षं फवारणीवर. आता लावा तुम्हीच जोड!

मी धावत आईकडे. "आई, आपला टब आधी कुठल्या रंगाचा होता गं?"

आई एक्याऐंशीची, बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "निळा."

"निळ्याच्या आधी?"

"कायम निळा. मारियामातेचा रंग निळाच असतो, इर्का. दार लाव."

घरात मी आयरीन नाही, इर्का. दार लावल्यावर कळलं. वडिलांनी तो रंग कारखान्यातून आणला होता, जेवणाच्या पेटीत लपवून, डबाच्या डबा. उरलेला होता, फेकणारच होते. "फेकणार होते," आई म्हणाली, "पण दिला नव्हता ना!" आणि चोरीच्या रंगात प्रत्यक्ष मारियामाता उभी! आईला कळलं तेव्हा तिने पाद्रीबाबांकडे जाऊन कबुली दिली, स्वतःची नाही, नवऱ्याची, आणि त्याच संध्याकाळी वडिलांना निळ्या रंगाचा डबा आणायला लावला. पैसे देऊन, पावती घेऊन! "आणि आता हे बाहेर फुटलं ना इर्का, तर ते बाबांची पेन्शन थांबवतील."

"आई, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. कारखाना जाऊन चार."

"पेन्शन येते की नाही दर महिन्याला? मग? कुणीतरी बघतंय!"

मला मारियामातेपुढे नेलं, बर्फात, आणि शपथ घ्यायला लावली. कुणाला म्हणून सांगायचं नाही. मला! अहो, मी शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काढली, मुख्याध्यापकांच्या घरचं बिनसलंय हे त्यांच्या बायकोच्या आधी मला ठाऊक होतं, आणि मी तोंड बंद ठेवायचं? सहा महिने? त्यात एप्रिलमध्ये डेल्बर्ट कुंपणावर हात टेकून विचारतो, "आयरीन, तुझे वडील रंगखात्यात होते ना? कधी काही बोलले नाहीत?" आणि मी म्हणते, "कुणास ठाऊक बाबा, मी आपली कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." त्याने माझ्याकडे असं बघितलं, मला ताप आलाय की काय म्हणून.

जुलै उजाडला. डेल्बर्ट थकला. एक दिवस म्हणाला, "सोमवारी रंगारी येतोय. तक्त्यातला हिरवा देऊन टाकतो." हिरवा! आणि आधी तो सगळं घासून पत्र्यापर्यंत जाणार, म्हणजे तो नखाएवढासुद्धा गेला! पण त्याआधी शनिवारी जत्रेचा परीक्षक शेवटचं बघायला येणार होता. मी शुक्रवारभर आईच्या मागे. "आई, सांगू?" "पेन्शन." "आई, बिचारा हिरवा देतोय गं." "हिरवा चांगला असतो." भिंत! नुसती भिंत!

शनिवारी आला परीक्षक. ओहायोचा! आता ओहायोच्या माणसाने मिशिगनमध्ये येऊन आम्हाला गाडी शिकवायची, पण असो. प्रुइट नाव, हातांत पांढरे हातमोजे, काठीला लावलेला आरसा, आणि बोलणं सगळं नाकातून. डिकीत बॅटरी मारली, आरसा फिरवला, हं केलं, पुन्हा हं केलं. मी कुंपणाशी गुलाब छाटत होते. जुलैत गुलाब छाटत नाहीत हे मलाही माहीत आहे, विचारू नका. आई टबाशी जिरेनियमला पाणी घालत होती.

"हे बघा," प्रुइट नाकातून म्हणाला, "असा रंग तुमच्या कारखान्यात बनलाच नसणार. कुणीतरी रस्त्यावरच्या दुकानात मारला असेल."

"मागणीचा आकडा आहे," डेल्बर्ट म्हणाला. "तीन नऊ आहेत."

"असतील. मग फार तर असं झालं असेल, की मागितला एक रंग आणि फवारणीवाल्याचा हात चुकला. सोमवार असेल, आदल्या दिवशीची उतरली नसेल. व्हायचं तसं."

तुम्हाला सांगते, झारी पडल्याचा आवाज आला.

आई कुंपणाशी आली. एवढीशी आहे हो ती, कुंपणावरून नुसते पांढरे केस दिसतात. पण आवाज! "कोण म्हणालं हात चुकला?"

प्रुइट इकडेतिकडे बघतोय, आवाज कुठून येतोय.

"माझ्या कॅझचा हात चुकला? कुण्या दंतवैद्याच्या बायकोने आपला हातमोजा पाठवला होता पाकिटातून, ह्याच रंगाची गाडी हवी म्हणून! त्याने तो मोजा दारावर टाचला आणि तीन वेळा रंग ढवळला, तीन वेळा! तिसऱ्यांदा मोजा आणि पत्रा शेजारी धरले तर साहेबाला कळेना मोजा कुठला नि पत्रा कुठला! घरी येऊन रात्रभर झोपला नाही आनंदाने. आणि दारू? माझ्या घरात?"

"आई," मी हळूच म्हटलं, "पेन्शन."

"खड्ड्यात गेली पेन्शन! चोर म्हणायचं तर म्हणा त्याला, तो माझ्या नि पाद्रीबाबांमधला प्रश्न आहे. पण हाताने वाईट होता असं म्हणायचं नाही!"

आणि गेली घरात. मी, डेल्बर्ट, मॅव्हिस, प्रुइट, सगळे दाराकडे बघतोय. बाहेर आली ती बटाट्याची सुरी घेऊन. प्रुइट दोन पावलं मागे सरकला, पण आई सरळ टबाकडे. गुडघ्यावर बसली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मारियामातेच्या खांद्यामागे खरडायला लागली. निळ्याचे पापुद्रे उडतायत... आणि त्याखाली! पस्तीस हिवाळे, बर्फ, मीठ, माझ्या भावाचे चेंडू, सगळं खाऊन तो रंग असा चमकला हो, काल फवारल्यासारखा! डेल्बर्टने डोक्यावरची टोपी काढली. मॅव्हिस रडायला लागली. मी तर कधीचीच रडत होते.

प्रुइट खोकला. "रंग तोच दिसतो. पण तो कारखान्यातूनच आला याचा..."

"डेल्बर्ट," आई म्हणाली, "तिला उचल. पाठीला नको धरूस, कमरेला धर. हं. आता बघा ती कशावर उभी आहे."

डबा! पालथा घातलेला, चारी बाजूंनी सिमेंट. माझ्या वडिलांनी चौथरा म्हणून वापरला होता. आम्ही पहारीने सोडवला, आईने आपल्या अॅप्रनने झाकण पुसलं, आणि झाकणावर ठोकलेला मागणीचा आकडा. डेल्बर्ट धावला गाडीकडे, पट्टीशी वाकला, आणि प्रुइट इकडून एकेक आकडा वाचतोय, "चार!" तिकडून डेल्बर्ट, "चार!" "शून्य!" "शून्य!" "सात!" डेल्बर्टचा आवाज फुटायला लागला, "सात!" गल्लीतली माणसं बाहेर आली. चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारी असतो ना आकड्यांचा खेळ, तसं. शेवटचा आकडाही जुळला. मग आई शांतपणे म्हणाली, "बिंगो."

प्रुइटने हातमोजे काढले. "बाई, हात चुकला नव्हता."

"ते मला माहीत होतं," आई म्हणाली. मग जरा पुढे वाकून, "तुम्ही पेन्शनवाल्यांना ओळखता का?"

"मी फक्त रंग बघतो, बाई."

"मग आत या. सार आहे."

डेल्बर्टची गाडी त्याच रंगात रंगली, त्याच वर्गात उभी राहिली, आणि जत्रेच्या वहीत रंगाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा डेल्बर्टने लिहिलं, 'नोवित्स्की'. छापील अक्षरात. आता बोला! गव्हर्नरांचं नाव पुलाला देतात, आमचं नाव रंगाला आहे.

पण वहीत त्यांनी हेही लिहिलं, की खात्रीचा नमुना कुठे आहे. पत्त्यासकट! तेव्हापासून रोज गाड्या. इंडियानाहून, विस्कॉन्सिनहून, ओहायोहून तर विचारू नका. मोठमोठे दाढीवाले पुरुष येतात, टोप्या काढतात, कारण आई काढायला लावते, आणि टबापुढे गुडघ्यावर बसतात. बॅटरी मारायच्या आधी आई एकेकाकडून मारियामातेची प्रार्थना म्हणून घेते. परवाचा तर बाप्टिस्ट होता, मारियामातेची प्रार्थना न करणाऱ्या पंथाचा, तरी निमूटपणे म्हणाला! आणि आई संध्याकाळी भरल्या डोळ्यांनी मला म्हणते, "इर्का, बघितलंस? म्हणतात की लोकांत भक्ती उरली नाही. अगं, किती वेळ बसतात! किती जवळून बघतात!"

आता तिला कोण सांगणार? मी तर नाहीच सांगणार. मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त एकच म्हणणं आहे माझं... ही रांग उभी राहते ना, ती नेमकी माझ्या खिडकीसमोर. डेल्बर्टने परवा गॅरेजात काहीतरी नवीन आणलंय, ताडपत्रीखाली, लांबलचक... आणि मला मेलं काही म्हणजे काही दिसत नाही!