डोक्याला जास्वंद, बुटांना जास्वंद

मान हलवू नका हो ताई, लगदा कानात जाईल — बुळबुळीत लागणारच, जास्वंदीचा पाला आहे, भेंडीच्याच कुळातला, तो काय खरखरीत लागणार? नाही नाही, टकलावर केस उगवतात असं मी कुणाला सांगत नाही. उगवले असते तर आमच्या ह्यांचं डोकं तसं राहिलं असतं का? दारात एवढं मोठं झाड, आई जास्वंदीचं तेल काढणारी, आणि लेकाच्या टाळूवरून माशी घसरायची. त्याला फुलं लागायची ती बुटांना! हसू नका, खरंच — पाकळ्या घासल्या की काळा बूट आरशासारखा होतो. रोज सकाळी माझ्या तेलाची फुलं ओरबाडायचा मेला. आणि त्याच चकचकीत बुटांत एक दिवस निघून गेला. कुणाकडे म्हणजे? माझ्याच गिऱ्हाइकाकडे. गुडघ्यापर्यंत केस तिचे, माझ्याच तेलानं वाढलेले — तुम्ही बसलात ना, ह्याच खुर्चीत बसायची.

आईला काही नेलं नाही त्यानं. सासू माझ्या पदरात. लोक म्हणाले, तुझी कोण ती, धाड लेकाकडे. मी म्हटलं, मग तेल कोण काढणार? तेवढ्यासाठीच ठेवली, दुसरं काय. जिभेला नुसती धार, माझ्या हातच्या चहाला कधी बरं म्हणून म्हटलं नाही. मी तापानं फणफणले तेव्हा रात्रभर उशाशी बसली, पण तीही शिव्या घालत.

आता काल त्याचा निरोप, आज आईला न्यायला येतो. एवढी वर्षं आई आठवली नाही, आता बरी आठवली! त्या बयेनं पार्लर काढलंय, तेल हवंय. आईंनी मला विचारलं, "जाऊ का गं?" आणि मी शहाणी, तोऱ्यात म्हटलं, "तुमचा मुलगा आहे, जा की." तेव्हापासून आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसल्यात. त्याचे शर्ट आहेत त्यात, इस्त्री करून ठेवलेले, मला बोट लावू देत नाहीत. ऐकू येतेय ना कात्री? बोचकं बांधायला दोरी कापत असतील. जाईनात का, मला काय! तेल मलाही काढता येतं — येत नाही म्हणा, माझं करपतं. पण मी भांडायचं कुणाशी, ताई? घरात शिरल्यावर 'उलथलीस का भवाने' कोण म्हणणार मला? छे, रडतेय कुठे, पाल्याचा हात डोळ्याला लागला.

आल्या बघा. — आई, केवढं हे बोचकं! निघालात? ... मग हे काय? अहो, हे तर त्याचे शर्ट — कापलेत? सगळे? ... कशाला?

डोकी पुसायला?

...

उठा ताई, लगदा वाळला. — आई, तो निळा द्या इकडे, तो मऊ आहे.