न दिसलेले देवमासे

बर्फाळ समुद्राकाठच्या बॅरो गावच्या दवाखान्यात पुतू नंबराची वाट पाहत विणत बसली होती. शेजारी गावचे जुने देवमासे-शिकारी नासुक आजोबा आणि देवमासे मोजायला आलेली परगावची हेल्गा, थंडीने बोटं काळीनिळी पडलेली.

“बोटं घालवलीस की गं! दिसले किती?”

“आठवड्यात सात, आजोबा.”

“असल्याच आकड्यांवर सरकारने यंदा आमची शिकार बंद केली.”

“मोकळ्या पाण्यात दिसतात तेवढेच मी लिहिते.”

“आणि बर्फाखालून जातात ते?”

“बर्फाखाली श्वास कसा घेणार?”

“डोक्याने बर्फ फोडतात! हातभर जाड बर्फाला फुगवटा येतो.”

“मग मला एकही कसा दिसला नाही?”

“तू पाण्याकडे तोंड करून बसतेस. कधी मागे वळून बघितलंस?”

पुतूच्या सुया थांबल्या.

“नाही बघितलं,” हेल्गा म्हणाली. “पण न दिसलेले मोजायचे कसे?”

“ऐकून. वल्हं पाण्यात बुडवायचं, दांडा कानाला लावायचा. परवा अख्खा समुद्र गात होता. तुझ्या वहीत परवाचे किती?”

“परवा... एकही नाही.”

“हेल्गा, या आत!” नर्सने हाक मारली.

“पाचच मिनिटं हं! आजोबा, आवाज एकाचा की दोघांचा, ते कसं कळतं?”

“ते मलाही नाही कळत, पोरी.”

“मग दोघांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी ऐकलं तर? आवाज कुठून येतो ते कळेल. दोन वल्ही मिळतील?”

“आठ आहेत. यंदा नुसती पडूनच आहेत.”