वरची खिडकी

दीपस्तंभावर तिकिटं फाडणाऱ्या बाईंचे कान कायम रांगेकडे असत. आज पुढे होता बंदरात बोट चालवून निवृत्त झालेला एक म्हातारा आणि त्याची बायको.

"अहो, ही पाटी वाचलीत? रखवालदाराला वरच्या खिडकीतून स्वतःचं घर दिसायचं म्हणे."

"हळू बोल. ती गोष्ट मीच रचलीय. बोटीवर पर्यटकांना सांगायचो."

"आणि यांनी छापली?"

"तीस वर्षं ऐकल्यावर छापणारच की!"

"वर गेला होतात कधी?"

"छे! चल घरी. काहीच दिसलं नाही, तर माझी फजिती."

"आता माघार नाही. मी तर वरून आपलं घर बघायचं ठरवूनच निघालेय. बाई, दोन तिकिटं द्या."

"अगं, एवढ्या घरांत आपलं ओळखणार कसं?"

"गच्चीवर लाल चादर टाकून आलेय."