पिवळी पट्टी अन् बाबांचा टॅग

अबे, तुमच्या घरच्या कंप्युटरवर पिवळी पट्टी येते का? आमच्याकडे रोज येत होती: सर्चचं इंडेक्सिंग अधुरं आहे, म्हणजे फायली शोधायची यादीच पुरी झाली नाही. पोरीच्या ॲडमिशनचे कागद त्यातच, अन् शोधलं तं काहीच सापडेना. मी रोज सकाळी इंडेक्सिंग नव्यानं लावून ड्यूटीवर जात होतो, संध्याकाळी पाहिलं तं पट्टी तिथंच! डोकंच चालेना.

शेवटी सुट्टी घेऊन घरी बसलो. प्लांटातून रिटायर झालेले आमचे बाबा आले, पट्टी पाहिली अन् थेट भिंतीवरचं बटन बंद!

"बाबा, हे कावून केलं?"

"वॉर्निंग आली की पहिले लाइन बंद. रोजच करतो मी."

"अहो, आतमधी रिपेअर चालू आहे त्याचं!"

"रिपेअर? मंग असं सांग ना!"

मले वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी घरी आलो तं कंप्युटर बंद, अन् बटनावर लाल टॅग: 'रिपेअर चालू आहे. बटन दाबू नये.'

मी हात लावला तं आई ओरडली, "ठेव! प्लांटचा नियम आहे, ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढावं लागते."

"बाबा कुठं आहेत?"

"लग्नाले गेले अहिवाऱ्याले. परवा येतीन."